इंग्रजी शब्दांची मुळे कशी ओळखावीत : मराठी माध्यमातील नव्या विद्यार्थ्यांसाठी

तापीकाठच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात दर रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. कोणाच्या घरी अहिराणी बोलली जाते, तर यावल-रावेरकडून येणाऱ्यांच्या घरी लेवा गणबोली. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत शब्दांच्या याद्यांचे एखादे जाड पुस्तक असते. त्यात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि त्या दोहोंना जोडणारे मध्ये काहीच नसते. दुसरे शंभर शब्द पाठ होईपर्यंत पहिले शंभर विसरलेले असतात. "सर, इतला शब्द ध्यानमा कसा ठेवाना?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. इंग्रजीतील लांब शब्द एकेकटे राहत नाहीत, त्यांची घराणी असतात; आणि घराणे ओळखण्याची रीत मराठी विद्यार्थ्याला लहानपणापासून येत असते, फक्त ती इंग्रजीला लावून पाहा असे त्याला कोणी सांगितलेले नसते. ती रीत येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी : आधी मराठी शब्द फोडावेत

इंग्रजी शब्दाला हात लावण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार आणि उपहार हे सहा शब्द लिहावेत. सहाही शब्दांत 'हार' हा भाग समान आहे. तो संस्कृतातील 'हृ' या धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थ नेणे, आणणे, हरण करणे असा आहे. पुढे लागलेला उपसर्ग त्या एकाच क्रियेला निरनिराळ्या वाटांनी घेऊन जातो, आणि तो इतका दूर नेतो की जेवणामागे आणि कत्तलीमागे एकच धातू उभा आहे हे बोलताना आपल्या ध्यानातही येत नाही.

ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात त्यांनी घरमा, घरले, घरना (म्हणजे घरात, घराला, घराचा) हे तीन शब्दही खाली लिहावेत. घर तेच आहे. शेवटचा तुकडा त्याचे वाक्यातील काम ठरवतो. शाळेत न जाताही आपली आजी हे तुकडे बिनचूक जोडत आली आहे, म्हणजे शब्द जोडण्याची आणि फोडण्याची जाण आपल्या घरातच आहे.

इंग्रजीतील लॅटिन वळणाच्या शब्दांचीही घडण अशीच असते. पुढचा तुकडा बहुधा दिशा सांगतो, मधला क्रिया सांगतो आणि शेवटचा तुकडा तो शब्द क्रियापद आहे, नाम आहे की विशेषण, हे सांगतो. इन्स्पेक्ट म्हणजे तपासणे, इन्स्पेक्टर म्हणजे तपासणारा, इन्स्पेक्शन म्हणजे तपासणी; बदलले ते फक्त शेपूट. व्याकरणाच्या काटेकोर अर्थाने धातू हा शब्द क्रियेच्या मुळालाच लावतात, परंतु या लेखात इंग्रजी शब्दाच्या पोटातील लॅटिन किंवा ग्रीक मुळालाही मी सोयीसाठी धातूच म्हणणार आहे.

दुसरी पायरी : एकच धातू घेऊन तो पुरता वापरावा

आरंभासाठी 'पोर्ट' हा धातू मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्याचे शब्द आपल्या जिल्ह्यात रोज डोळ्यांसमोर असतात. लॅटिनमध्ये 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे. रावेर-सावद्याकडची केळी खोक्यांत भरून परदेशी जातात, ती एक्स्पोर्ट होतात, कारण 'एक्स' म्हणजे बाहेर. बाहेरून आत येणारा माल इम्पोर्ट होतो. ट्रकवर लिहिलेला ट्रान्सपोर्ट हा शब्द पलीकडे वाहून नेणे सांगतो, कारण 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. भुसावळच्या फलाटावर पूर्वी ज्याला पोर्टर म्हणत तो ओझे वाहणारा, आणि हातातून सहज नेता येते ते पोर्टेबल. आपण त्याच माणसाला हमाल म्हणतो, आणि हमाल हा शब्दही अरबीतील ओझे वाहण्याच्या धातूपासूनच आलेला आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच माणसाला एकाच कामावरून नाव दिले, हे मला फार मोलाचे वाटते.

आतापर्यंतचे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचे होते. खरा उपयोग यापुढे सुरू होतो. रिपोर्ट या शब्दातील 'रि' म्हणजे परत, मागे. घडलेली गोष्ट एका जागेहून वाहून परत आणून सांगणे म्हणजे रिपोर्ट. सपोर्ट या शब्दात 'सब' म्हणजे खाली हा उपसर्ग लपला आहे. खालून भार वाहणे म्हणजे आधार देणे. केळीच्या घडाच्या वजनाने झाड वाकू नये म्हणून आपण खालून टेकू देतो, तेव्हा आपण शब्दशः सपोर्ट देत असतो. इम्पॉर्टन्ट हा शब्दसुद्धा याच घराण्यातला आहे. आत वाहून आणणे या अर्थापासून सोबत काही परिणाम घेऊन येणारे, म्हणून महत्त्वाचे, असा त्याचा प्रवास झाला.

एका बैठकीत एवढेच करावे. दहा धातूंचे दोन-दोन शब्द पाठ करणाऱ्यापेक्षा एका धातूचे सात-आठ शब्द वाक्यात वापरून पाहणारा विद्यार्थी वर्षअखेरीस पुढे गेलेला असतो, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

इंग्रजीत इतके लॅटिन आले कोठून, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दरबार, न्याय व कारभार यांच्या भाषेत फ्रेंच शब्दांचा मोठा भरणा झाला. फ्रेंच ही स्वतः लॅटिनची लेक. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात पंडितांनी लॅटिन आणि ग्रीक शब्द थेट उचलले. म्हणून घरातले शब्द, जसे वॉटर, ब्रेड, हँड, हे इंग्रजीचे स्वतःचे जर्मानिक वंशाचे आहेत, तर कचेरीतले, न्यायालयातले आणि प्रयोगशाळेतले शब्द बहुतांशी लॅटिन-ग्रीक आहेत. आपली रीत या दुसऱ्या गटाला लागू पडते. गेट, पुट, टेक असल्या आखूड शब्दांवर ती चालवू नये. ते शब्द वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडतात.

तिसरी पायरी : उपसर्गांचे वेश ओळखावेत

सुरुवातीला दहा-बारा उपसर्ग पुरेसे आहेत, परंतु नवशिक्याची अडचण अशी होते की तोच उपसर्ग प्रत्येक शब्दात वेगळ्या वेशात भेटतो. नकाराचा 'इन' पॉसिबलच्या आधी 'इम' होतो, लीगलच्या आधी 'इल' होतो आणि रेग्युलरच्या आधी 'इर' होतो. विद्यार्थी हे चार उपसर्ग म्हणून पाठ करतो. वास्तविक तो एकच उपसर्ग आहे आणि त्याचे रूप आपल्याला शाळेत शिकवलेल्या संधीसारखेच बदलते. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन होतो, तसेच हे आहे. संपर्क हा शब्द उच्चारून पाहावा : पुढे 'प' असल्यामुळे अनुस्वाराच्या जागी ओठ मिटून 'म्' निघतो. संताप म्हणताना मात्र तोच अनुस्वार 'न्' होतो. इम्पॉसिबल आणि इन्टॉलरन्ट या दोन शब्दांत नेमका हाच फरक आहे.

'कॉन' म्हणजे एकत्र, सोबत. त्याचेही कॉम, कॉल, कॉर असे वेश आहेत, आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या 'सम्'च्या जवळचा आहे. 'ॲड' म्हणजे कडे. तो पुढच्या अक्षरात इतका मिसळतो की अट्रॅक्टमध्ये त्याचा केवळ दुहेरी 'टी' उरतो. म्हणून स्पेलिंगमध्ये आरंभीच दोन सारखी व्यंजने दिसली की तेथे उपसर्ग विरघळला असण्याची शक्यता तपासून पाहावी. ही एक गोष्ट लक्षात आली की स्पेलिंगच्या कित्येक चुका आपोआप थांबतात.

एक इशारा येथेच देणे अवश्य आहे. 'इन' हा उपसर्ग नकाराचाही आहे आणि 'आत' या अर्थाचाही आहे. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि तेथून जाणाऱ्या तेलाच्या टँकरवर इन्फ्लेमेबल असा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने त्याचा अर्थ 'न जळणारे' असा लिहिला होता. त्याने नकाराचा नियम लावला, परंतु हा 'इन' नकाराचा नाही. ज्वालेत घालणे, पेटवणे या लॅटिन क्रियापदापासून तो शब्द आला आहे आणि त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. असा चुकीचा तर्क परीक्षेत एका गुणाचे नुकसान करील, रस्त्यावर मात्र तो जिवावर बेतू शकतो. इन्व्हॅल्युएबल या शब्दात नकार खरोखरच आहे, तरी त्याचा अर्थ बिनमोलाचा असा हलका होत नाही. मोल करताच येणार नाही असे, म्हणजे आपल्या 'अमूल्य' शब्दाची हुबेहूब तीच घडण.

चौथी पायरी : धातूची बदलती रूपे

धातूही आपले रूप बदलतो. पाठवणे, सोडणे या अर्थाचा धातू क्रियापदात 'मिट' असतो आणि नामात 'मिस' होतो : परमिट-परमिशन, ॲडमिट-ॲडमिशन, सबमिट-सबमिशन. ही अदलाबदल नियमित आहे, म्हणून एकदा शिकली की पुरते. घेणे, पकडणे या अर्थाच्या धातूची रूपे अधिक अवघड आहेत; कॅप्चर, ॲक्सेप्ट, रिसिव्ह आणि रिसिपिएन्ट या चारही शब्दांत तोच एक धातू आहे. रिसीट, म्हणजे पावती, याच्या स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा 'पी' का आहे, याचे उत्तर रिसेप्शन या भावंडात मिळते, कारण तेथे तो 'प' स्पष्ट ऐकू येतो. डेट, म्हणजे कर्ज, यातील मुका 'बी' पासबुकातील डेबिटमध्ये बोलतो. साइन, म्हणजे सही करणे, यातील मुका 'जी' सिग्नेचरमध्ये बोलतो. मुक्या अक्षराबद्दल शंका आली की त्या शब्दाचे एखादे भावंड शोधावे.

पाचवी पायरी : संस्कृतातील नातलग शोधावेत

ही पायरी सर्वांत आनंदाची आहे आणि येथे थोडे थांबावेसे वाटते. 1786 साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात असे मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात जे साम्य आहे ते योगायोगाने येणे शक्य नाही. या भाषा एखाद्या समान उगमापासून निघाल्या असाव्यात. पुढील शतकात भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिबदलांचे नियम शोधून हे नाते पक्के केले. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इंग्रजीतील पुष्कळ धातूंचे भाऊबंद त्याच्या स्वतःच्या बोलण्यात आहेत.

भुसावळला आपण जंक्शन म्हणतो. लॅटिनमधील जोडणे या अर्थाच्या धातूपासून जंक्शन, जॉइन आणि कंजंक्शन हे शब्द आले. हा धातू संस्कृतातील 'युज्' धातूचा भाऊ आहे, ज्यापासून योग, युक्त आणि संयोग हे शब्द झाले. बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू हे संस्कृत 'युग' या शब्दाचे मराठी रूप आहे आणि इंग्रजीतील योक हा शब्द त्याचाच नातलग आहे. सबज्युगेट म्हणजे अंकित करणे. शब्दशः पाहता जुवाखाली आणणे. ज्याने पोळ्याच्या सणात बैलांची खांदेमळणी पाहिली आहे त्याला हा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, ज्याला सर्व जण थर्मल म्हणतात. ग्रीक 'थर्मोस' म्हणजे उष्ण, आणि त्याचा संस्कृतातील नातलग 'घर्म', ज्याचा मराठीत 'घाम' झाला. मीटर या शब्दाच्या मुळाशी मोजण्याचा जो धातू आहे तोच मात्रा, मापन आणि परिमाण यांत आहे. म्हणजे थर्मॉमीटर या परक्या वाटणाऱ्या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या घामात आणि मापात सापडतात.

लॅटिनमधील 'डिक्' म्हणजे सांगणे. त्याचा मूळ अर्थ दाखवणे असा होता. त्याचा संस्कृत भाऊ 'दिश्'. दिशा दाखवणारा हा धातू आदेश, उपदेश, निर्देश, संदेश आणि उद्देश यांत आहे, तर इंग्रजीत तो डिक्टेट, प्रेडिक्ट, कॉन्ट्राडिक्ट आणि डिक्शनरी यांत आहे. इंडेक्समध्येही तोच आहे, म्हणून तर्जनीला इंडेक्स फिंगर म्हणतात, ती दाखवते. व्हर्डिक्ट म्हणजे न्यायनिर्णय हा 'खरे' आणि 'सांगितलेले' या दोन तुकड्यांचा शब्द आहे.

जाणणे या अर्थाचा 'ज्ञा' धातू इंग्रजीत तीन दारांनी आला : घरच्या दाराने नो, म्हणजे जाणणे, लॅटिनच्या दाराने रेकग्नाइज आणि इग्नोरन्ट, ग्रीकच्या दाराने डायग्नोसिस आणि अग्नॉस्टिक. अग्नॉस्टिकमधील 'अ' आणि अज्ञानातील 'अ' हे दोन्ही नकारच आहेत. क्रेडिट या शब्दाच्या मुळाशी विश्वास ठेवणे हा अर्थ आहे आणि तो आपल्या 'श्रद्धा' शब्दाचा नातलग आहे. क्रेडिट सोसायटीला मराठीत पतसंस्था म्हणणाऱ्यांनी योग्यच शब्द निवडला, कारण ठेवीदार तेथे पैशांबरोबर विश्वासही ठेवत असतो. इन्क्रेडिबल म्हणजे विश्वास बसणार नाही असे, आणि क्रेडेन्शियल म्हणजे ज्याच्या आधारावर विश्वास ठेवावा ते.

डिसेंबर हा दहावा महिना का नाही, असेही मुले विचारतात. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे, म्हणून सप्त, अष्ट, नव आणि दश यांचे लॅटिन भाऊ सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बसले, आणि वर्षाचा आरंभ बदलला तरी नावे तशीच राहिली.

सहावी पायरी : नाते नसले तरी घडण सारखी असते

प्रत्येक इंग्रजी धातूला संस्कृत भाऊ सापडेलच असे नाही. तेथे दुसरा मार्ग आहे. 'ट्रॅक्ट' म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर ओढतो. अट्रॅक्ट म्हणजे आपल्याकडे ओढणे, एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढून काढणे, सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून घेणे, म्हणजे वजा करणे. आता संस्कृतातील 'कृष्' धातू पाहावा. त्याचाही अर्थ ओढणे आणि नांगरणे असाच आहे. आकर्षण, निष्कर्ष, अपकर्ष, उत्कर्ष आणि खुद्द कृषी हे शब्द त्याचे. 'ट्रॅक्ट' आणि 'कृष्' यांचे रक्ताचे नाते नाही, तरी आकर्षण आणि अट्रॅक्शन, निष्कर्ष आणि एक्स्ट्रॅक्ट यांची जुळवणी एकाच रीतीने झाली आहे. शेतात ट्रॅक्टर चालवणारा माणूस एकाच वेळी दोन्ही धातूंचे काम करीत असतो.

पाहणे या अर्थाच्या 'स्पेक्ट' धातूने हे फारच सुरेख दिसते. आपल्याकडे 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्यापासून निरीक्षण, परीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा आणि समीक्षा. इंग्रजीत इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणे, निरीक्षण करणे. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर डोळे लावून पाहणे, अपेक्षा करणे. मराठीत आपण वाट 'पाहतो', तेही याच कल्पनेने. सस्पेक्ट म्हणजे खालून, नजर चुकवून पाहणे, म्हणून संशय घेणे. रिस्पेक्टचा मूळ अर्थ वळून पाहणे, दखल घेणे, आणि त्यातून आदर. प्रवेशाच्या वेळी विकत घ्यावी लागणारी प्रॉस्पेक्टस पुढे काय आहे ते दाखवते. 'स्पेक्ट'चा खरा रक्ताचा नातलग 'पश्' हा धातू आहे, परंतु समजण्यासाठी 'ईक्ष्'ची रांग अधिक उपयोगी पडते. वहीत दोन्ही रांगा समोरासमोर लिहाव्यात आणि कोणता शब्द कोणासमोर बसतो व कोणता बसत नाही, हे स्वतः ठरवून पाहावे. उपेक्षेसमोर 'स्पेक्ट'चा शब्द सापडत नाही. तेथे जागा रिकामी ठेवावी, ओढूनताणून भरू नये.

सातवी पायरी : प्रत्येक तर्क शब्दकोशात तपासावा

वर जे सांगितले त्याचा मोह इतका मोठा आहे की विद्यार्थी लवकरच प्रत्येक शब्दात धातू पाहू लागतो. धातू केवळ अंदाज देतो. निकाल शब्दकोश आणि वाक्य यांनी द्यायचा असतो. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात नोंदीच्या आरंभी किंवा अखेरीस चौकोनी कंसात शब्दाचे मूळ दिलेले असते. बहुतेक जण तो कंस ओलांडून जातात. माझी प्रत्येकाला विनंती असते की अर्थाआधी तो कंस वाचावा.

याचे कारण मला एका विद्यार्थिनीने शिकवले. पोर्ट्रेट हा शब्द मी बोलण्याच्या ओघात 'पोर्ट'च्या घराण्यात बसवला होता. पुढच्या रविवारी ती शब्दकोशातील नोंद उतरवून घेऊन आली आणि तिने उभे राहून सांगितले की पोर्ट्रेट वाहण्याच्या धातूपासून आलेला नाही. तो ओढण्याच्या धातूपासून, म्हणजे 'ट्रॅक्ट'च्या घराण्यातून, फ्रेंचमार्गे आला आहे. तिचे बरोबर होते. चित्र काढताना आपणही रेघ ओढतो. त्या दिवसापासून फळ्यावर शब्द लिहिण्यापूर्वी मी कंस वाचतो.

एअरपोर्ट आणि पासपोर्ट यांतील 'पोर्ट' हेही वाहण्याच्या धातूपासून थेट आलेले नाही. ते बंदर या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दाचे आहे. त्या बंदरापासूनच ऑपर्च्युनिटी, म्हणजे संधी, हा शब्द आला : जहाजाला बंदराकडे नेणारा अनुकूल वारा. 'पेड' हा तर तिहेरी धोका आहे. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधील 'पेड' म्हणजे पाय, जो आपल्या 'पद'चा भाऊ आहे. परंतु दवाखान्याच्या पाटीवरील पेडिॲट्रिशियन मुलांचा डॉक्टर असतो, कारण तेथे मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आणि मृदाशास्त्राला पेडॉलॉजी म्हणतात तेव्हा तिसराच ग्रीक शब्द, जमीन या अर्थाचा, मुळाशी असतो. तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच आहेत, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

शब्दांचा प्रवास कधी कधी इतका वाकडा असतो की तो तर्काने शोधणे अशक्यच असते. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. आज त्रिकोणमितीत ज्याला साइन म्हणतात त्यासाठी भास्कराचार्य आणि त्यांच्या आधीचे गणिती वापरत तो शब्द 'ज्या' किंवा 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी. तो अरबीत 'जिबा' म्हणून गेला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे पुढे तो वस्त्राची घडी, उराशी असलेली खोळ या अर्थाच्या 'जैब' या शब्दासारखा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर 'सायनस' असे झाले. तोच आज त्रिकोणमितीतील साइन. हिंदीत खिशाला जेब म्हणतात तो शब्दही त्या 'जैब'चाच. साइन या शब्दाकडे नुसते पाहून धनुष्याची दोरी कोणाला दिसेल?

धुळ्यात ज्यांचे 1926 साली निधन झाले त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठी धातूंचा संग्रह करण्यात आयुष्यातील मोठा काळ घालवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. शक्य असेल त्याने एकदा तेथे जाऊन यावे. शब्दाचे मूळ शोधणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे जुनी कागदपत्रे पाहिल्यावर जसे कळते तसे माझ्या सांगण्याने कळणार नाही.

मुळाचा अर्थ आणि आजचा अर्थ यांत अंतर पडते, हेही तपासताना ध्यानात ठेवावे. मॅन्युफॅक्चर हा शब्द हाताने करणे या दोन तुकड्यांचा आहे, तरी आज तो यंत्राने केलेल्या उत्पादनालाच अधिक लावतात. परीक्षेत आजचा अर्थ लिहायचा असतो. मूळ अर्थ तो लक्षात राहावा म्हणून हाताशी ठेवायचा.

वही कशी ठेवावी

शंभर पानी साधी वही घ्यावी आणि प्रत्येक धातूला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर धातू, त्याचा मूळ अर्थ आणि शब्दकोशात तपासलेले इंग्रजी शब्द लिहावेत. उजव्या पानावर मराठी-संस्कृत नातलग किंवा समान घडणीचे शब्द, आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाचे एक वाक्य. वाक्य पुस्तकातून उतरवू नये. आपल्या शेताविषयी, घराविषयी, एस.टी.च्या प्रवासाविषयी स्वतः रचावे, मग ते साधे असले तरी चालेल. डाव्या पानाच्या तळाशी चार ओळी मोकळ्या सोडून तेथे फसवे शब्द लिहावेत, म्हणजे जे त्या घराण्यातले दिसतात परंतु नाहीत असे.

आठवड्याला दोन धातू पुरेत. सोमवारी आणि गुरुवारी नवा धातू घ्यावा, मधल्या दिवसांत वर्तमानपत्रात किंवा पाट्यांवर त्याचे शब्द शोधावेत, आणि रविवारी जुनी पाने उलटून इंग्रजी बाजू झाकून ती आठवून पाहावी. पहिल्या महिन्यासाठी पोर्ट, स्पेक्ट, ट्रॅक्ट, मिट, डिक्ट, ड्यूस, स्क्रिप्ट आणि क्रेड हे आठ धातू मी सुचवतो. त्यांपैकी 'ड्यूस' आणि 'स्क्रिप्ट' यांची फोड येथे मुद्दाम केलेली नाही. 'ड्यूस' म्हणजे नेणे, वाट दाखवत पुढे नेणे, आणि त्याचे दुसरे रूप 'डक्ट' आहे. 'स्क्रिप्ट' म्हणजे लिहिणे, आणि त्याचे दुसरे रूप 'स्क्राइब' आहे. इंट्रोड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस, एस.टी.मधील कंडक्टर आणि पाण्याला वाट देणारा ॲक्विडक्ट हे पाच शब्द एका पानावर लिहावेत. प्रिस्क्रिप्शन, सबस्क्राइब आणि मॅन्युस्क्रिप्ट हे तीन दुसऱ्या पानावर. प्रत्येक शब्द फोडून, पुढे आपला तर्क पेन्सिलीने लिहावा, नंतर शब्दकोशातील कंस वाचावा, आणि जो तर्क टिकला तेवढ्यावरच शाई फिरवावी.